लेव्हल टू सोनोग्राफीत बाळाची एक नडगी वाकलेली दिसलीये. कुणाला अनुभव आहे का?

पोहेजलेबी

नमस्कार. एरवी मी इथे पाककृती वाचून गुपचूप निघून जाते, आज पहिल्यांदाच लिहितेय. इंदूरला असते, पहिलं बाळंतपण, २१ आठवडे झालेत. सोमवारी लेव्हल टू सोनोग्राफी झाली. सगळं छान चाललं होतं, आणि मग डॉक्टर उजव्या पायापाशी थांबल्या त्या थांबल्याच. मला या कुशीवर वळवलं, त्या कुशीवर वळवलं, बाहेर जाऊन फेऱ्या मारा म्हणाल्या, पाणी प्यायला लावलं, परत झोपवलं. तेव्हाच कळलं की काहीतरी आहे.

रिपोर्टात मेंदू, हृदय, कणा, किडन्या, ओठ सगळं ठीक. मांडीचं हाड दोन्हीकडे ३५ मिमी. पोटाचा घेर १६० मिमी. डावी नडगी ३० मिमी, उजवी २६. उजव्या नडगीचं हाड आणि त्याच्या बाजूचं बारीक हाड, दोन्ही वाकलेली. उजवं पाऊल वर, नडगीच्या दिशेने दुमडलेलं. आणि खाली एक ओळ, फीटल मेडिसिनचा (गर्भातल्या बाळाच्या तज्ज्ञांचा) सल्ला घ्यावा. बस.

माझ्या नेहमीच्या डॉक्टरांनी रिपोर्ट उलटसुलट करून पाहिला आणि "बघू, तिकडे दाखवून या" म्हणाल्या. बाहेर पंचवीस बायका बसलेल्या, त्यांनाही दोष देत नाही. फीटल मेडिसिनची वेळ पुढच्या शुक्रवारची मिळालीये. नवऱ्याने रात्री नेटवर शोधलं, त्यात कॅम्पोमेलिक नावाचं काहीतरी वाचलं आणि तेव्हापासून तो नीट जेवला नाहीये. मला सांगतही नाही काय वाचलं ते. सासूबाई विचारताहेत, ग्रहणात सुरी-कात्री हातात धरली होतीस का. आणि समोरच्या काकू जिन्यात गाठून हळूच म्हणाल्या, अजून वेळ आहे, दोघं नीट विचार करा.

कसला विचार करू? मूल चालेल का, एवढं तरी कुणी सांगेल का? हे एकाच पायात आहे म्हणजे बरं की वाईट? पोटात पाणी काढून करतात ती तपासणी करायला सांगतील का? झोप उडालीये, म्हणून रात्री दोनला लिहितेय.

सराफावासी

ताई, अजिबात टेन्शन घेऊ नका. माझ्या भाच्याचे पाय पण वाकडे होते, दोन वर्षांचा होईपर्यंत आपोआप सरळ झाले, आता क्रिकेट खेळतो. कॅल्शियम आणि डी व्हिटॅमिन वाढवा, सकाळचं ऊन घ्या. खजराना गणेशाला बोलून ठेवा, सगळं ठीक होईल.

क्षकिरण

सराफावासी, तुमचा हेतू चांगला आहे, पण भाच्याचं प्रकरण वेगळं. तान्ह्या मुलांचे दोन्ही पाय गुडघ्यापाशी कंसात असतातच, चालायला लागल्यावर वर्षभरात बहुतेकांचे सुटतात. इथे एकाच पायाच्या नडगीचं हाडच वाकलंय. याला कॅल्शियम कमी-जास्त झाल्याचा संबंध नाही, त्यामुळे पोहेजलेबीताई, ज्या गोळ्या चालू आहेत त्याच चालू ठेवा, डोस वाढवू नका.

मी शिकले एमजीएम मेडिकल कॉलेजातच, इंदूरलाच. आता पुण्यात सोनोग्राफी करते. तुमच्या बाळाला मी पाहिलेलं नाही, तेव्हा हे निदान समजू नका. पण रिपोर्टातल्या आकड्यांवरून काही गोष्टी नक्की बोलता येतात.

मी पहिल्यांदा बघते ते एकच नडगी वाकलीये की इतर हाडंही. हातापायांची लांब हाडं बारा: मांडीची दोन, नडगीकडची चार, दंडाची दोन, कोपराखालची चार. बाराच्या बारा मोजली गेली का, हे शुक्रवारी विचाराच. तुमच्या यजमानांनी जे वाचलं त्या कॅम्पोमेलिक डिस्प्लेसियात सहसा दोन्हीकडची हाडं वाकतात, मांडीचीसुद्धा. खांद्याच्या मागचं पातं लहान राहतं, हनुवटी मागे असते, छाती चिंचोळी असते, आणि जिवाला धोका त्या छातीमुळे असतो, जन्मल्यावर श्वास घेता येत नाही. सॉक्स-९ नावाच्या जनुकातला तो बिघाड. ठिसूळ हाडांचा आजार असेल तर एकापेक्षा जास्त हाडं मोडून जुळलेली दिसतात. हाडांत चुना इतका कमी असतो की प्रोब दाबला तर कवटीसुद्धा दबते आणि मेंदू नको तितका स्वच्छ दिसतो. थॅनॅटोफोरिक नावाच्या जीवघेण्या आजारात सगळीच हाडं फार आखूड, मांडीचं तर खूपच.

आता तुमचे आकडे. मांडीचं हाड ३५, पोटाचा घेर १६०. भागाकार येतो ०.२२ च्या जवळ. हा आकडा ०.१६ च्या खाली गेला की आम्ही सावध होतो, कारण मग छाती-फुप्फुसं लहान असणाऱ्या गंभीर आजारांची शंका येते. तुमचा अगदी नेहमीसारखा आहे. मांडीची हाडं दोन्हीकडे सारखी आणि आठवड्यांना साजेशी. त्यामुळे यजमानांना सांगा, ते पान बंद करा आणि जेवायला बसा.

दुसरी गोष्ट, आणि एकच नडगी असेल तर सगळं भवितव्य हिच्यावरच ठरतं: वाकाचा फुगवटा कुठे आहे? मागे आणि आतल्या बाजूला असेल, पाऊल वर नडगीकडे दुमडलेलं असेल, तर तो सगळ्यात सौम्य प्रकार. वाक जन्मानंतर आपोआप कमी होत जातो, पायाच्या लांबीत मात्र फरक उरतो. फुगवटा पुढे आणि बाहेर असेल तर प्रकरण गंभीर. त्यातल्या साधारण निम्म्या मुलांना न्यूरोफायब्रोमॅटोसिस (कातडीवर डाग उमटणारा जनुकीय आजार) असतो, ते हाड मोडू शकतं आणि मोडलं की सहजी जुळत नाही. तिसरा प्रकार पुढे आणि आत. त्यात बाजूचं बारीक हाड बहुधा अपुरं किंवा नसतंच, करंगळीकडची बोटंही कमी असू शकतात. तुमच्या रिपोर्टात बारीक हाड आहे असं लिहिलंय. पाऊल वर दुमडलेलं आहे, यावरून मला पहिल्या प्रकाराची आशा वाटते. पण दिशा डोळ्यांनी बघूनच ठरवायची, माझ्या आशेवर नाही.

पाणी काढून करायची तपासणी: एकच नडगी असेल आणि बाकी सगळं नीट असेल तर बहुतेक जण आग्रह धरत नाहीत. इतर हाडंही वाकलेली असतील तर जनुकांची तपासणी सुचवतात आणि तिचा निकाल यायला काही आठवडे जातात. म्हणूनच सांगते, शुक्रवारपर्यंत थांबू नका. फोन करा, २१ आठवडे झालेत आणि हाड वाकलंय एवढं सांगा, मधली वेळ देतात.

समोरच्या काकू बोलल्याच आहेत तर कायदाही सांगून टाकते. २०२१ च्या दुरुस्तीनंतर गर्भात गंभीर व्यंग असेल तर २४ आठवड्यांपर्यंत दोन डॉक्टरांच्या मताने गर्भपात करता येतो, त्यापुढे मेडिकल बोर्डाकडे जावं लागतं. पण एकाच नडगीचा मागे-आत वाक हे त्याचं कारण होऊ शकत नाही, हे माझं स्पष्ट मत. निदान पक्कं होण्याआधी जिन्यात कुणी काही सुचवू नये, हेही.

ग्रहणाबद्दल: नाही.

रामबागकर

क्षकिरणताईंनी पुस्तक सांगितलं, मी घर सांगते. माझी लेक नऊ वर्षांची आहे. डावी नडगी, मागे-आत वाक. आमच्या वेळी सोनोग्राफीत दिसलंच नव्हतं, थेट जन्मल्यावर कळलं. पाऊल असं वर गेलेलं की पायाची पाठ नडगीला टेकलेली, आणि पोटरीच्या आतल्या अंगाला, जिथे हाड सगळ्यात जास्त वाकलं होतं तिथे, कातडीवर एक खळी. मला तेव्हा ती खळी बघवायची नाही. आता तीच खळी ती मैत्रिणींना दाखवते.

ज्या दवाखान्यात झाली तिथे दुसऱ्या दिवशी कुणीतरी "क्लबफूट आहे" म्हणून प्लास्टर घालून मोकळे झाले. आम्हाला न सांगता, न विचारता. चार दिवसांनी मुलांच्या हाडांच्या डॉक्टरांकडे नेली. ते म्हणाले, क्लबफूटमध्ये पाऊल खाली आणि आत वळतं, हे वर आणि बाहेर आहे, म्हणजे बरोबर उलटं. प्लास्टर तिथल्या तिथे कापलं. या रागाबद्दल मी स्वतंत्र धागा काढू शकते, पण आज तुमचा आहे.

त्यांनी शिकवलं ते एवढंच: प्रत्येक वेळी दुपटं बदलताना पाऊल हळू खाली आणायचं, तिथे धरायचं, दहापर्यंत मोजायचं, सोडायचं. दूध प्यायलेली असताना करायचं, भुकेली असताना नाही. काही महिन्यांत पाऊल जागेवर आलं. काही मुलांना त्यासाठी प्लास्टर लागतं, आम्हाला नंतर लागलं नाही.

आणि मालीशवाली. हा आपल्याकडचा खरा धोका. आमच्या मावशी चाळीस वर्षांच्या अनुभवी, पहिल्याच दिवशी म्हणाल्या "एक महिने में सीधा कर दूँगी" आणि पोटरी दोन्ही हातांत धरून पिळायला लागल्या. मी ओरडलेच. डॉक्टर म्हणाले तेल लावा, चोळा, अंगाला बरंच असतं, पण हाड ओढून-दाबून सरळ होत नाही, आणि वाक दुसऱ्या प्रकारचा असेल तर मोडेल. आम्ही मावशींना तो पाय वर्ज्य केला. त्या रुसल्या. नंतर आल्या परत, बारशाच्या साडीसाठी.

वाकाचं म्हणाल तर जन्मताच्या एक्स-रेवर ४४ अंश होता. पहिल्या वाढदिवसाला निम्म्यावर आला. चौथ्या वर्षी पायमोजे घातल्यावर बाहेरच्याला कळेना. ऑपरेशन नाही, पट्टा नाही, काही नाही, फक्त वाढ. चालली सव्वा वर्षाची असताना, आमच्या वरच्या मजल्यावरच्या मुलाच्या आधी.

उरते ती लांबी, आणि ती आपोआप जात नाही हे आधीच डोक्यात बसवा. नाहीतर वाक गेला म्हणून पेढे वाटाल आणि तीन वर्षांनी पुन्हा रडाल. डॉक्टरांनी तेव्हाच हिशेब मांडून दिला होता: मुलीचा पाय तिसऱ्या वर्षी मोठेपणीच्या साधारण निम्मा असतो, मुलाचा चौथ्या वर्षी, आणि जन्मजात फरक पायाच्या वाढीबरोबर त्याच प्रमाणात वाढतो. हिचा फरक तिसऱ्या वर्षी १.७ सेंमी होता, म्हणजे मोठेपणी ३.४ च्या आसपास. आता पावणेतीनपर्यंत आलाय, हिशेबातच चाललाय. दोन सेंमीच्या आत राहिला असता तर काहीच करायचं नव्हतं. आमच्याकडे पुढच्या दोन-तीन वर्षांत लांब पायाच्या गुडघ्यापाशी वाढ रोखायची छोटी शस्त्रक्रिया करायचं ठरतंय, म्हणजे आखूड पाय गाठून घेईल. फरक याहून बराच मोठा असेल तर आखूड पाय रिंगा लावून लांबवतात. ते मोठं काम, महिनोन्‌महिने चालतं.

तोवर बूट. साधारण एक सेंमीपर्यंतची उंची बुटाच्या आत सरकवता येते, त्याहून जास्त घातली तर टाच बाहेर निघते, म्हणून तळाला बाहेरून लावायची. आमचं काम मालगंजचा एक चपलावाला करतो. तळ सुरीने सोलून काढतो, मध्ये हलक्या फोमचा थर चिकटवतो, बोटांकडे उतरता करत नेतो म्हणजे पाऊल टाकताना अडत नाही, आणि मूळ तळ परत खाली लावतो. शाळेचे काळे, पीटीचे पांढरे, घरातली सपाता, आणि लग्नाकार्याची चमकी सँडल, चारही. सँडलला तो नाक मुरडतो. आखूड पायाचं पाऊलही थोडं लहान असतं, पोटरीही बारीक राहते, म्हणून बूट घेताना दोन्ही पाय मोजा.

करते काय? सगळंच. खो-खोत पळते, नवरात्रात गरबा खेळते, अनंत चतुर्दशीला झाँकी बघायला रात्रभर पायी हिंडते आणि मीच आधी थकते. कुणी विचारलं तर सांगते "एक पाँव लेट आया है".

सासूबाईंचं मनावर घेऊ नका. माझ्या नऊ महिन्यांत आपल्याकडे दिसणारं ग्रहणच नव्हतं, तर आमच्या सासूबाईंनी स्कूटरवर ठपका ठेवला. स्कूटर नसती तर पपई होतीच.

देवासवाला

लिहू की नको असा विचार करत होतो. ताईंना घाबरवायचं नाहीये, पण धाग्यात दुसरी बाजूही असावी.

माझ्या मुलाची नडगी पुढे-बाहेर वाकलेली होती. कातडीवर दुधाळ चहाच्या रंगाचे डाग पहिल्या वर्षात हळूहळू उमटले, जन्मताना मोजून एक-दोनच होते. चालायला लागला आणि दीड वर्षाचा असताना नुसता बसल्या जागी पडला, हाड मोडलं. जुळलं नाही. मग आत सळई, बाहेर रिंगा, परत मोडणं, परत सगळं. आज अकरा वर्षांचा आहे, हाड जुळलेलं आहे, पायाला आधाराची प्लास्टिकची नळी घालून शाळेत जातो आणि बुद्धिबळात मला हरवतो.

दोन गोष्टी सांगतो ज्या मला उशिरा कळल्या. हा पुढे-बाहेरचा वाक असताना कुणी "हाड कापून सरळ करून देतो" म्हणालं तर तिथून उठा, कारण कापलेलं हाडच जुळत नाही. न मोडलेलं हाड नळी घालून जपायचं असतं. आणि ताई, तुम्ही दोघं आज घरीच एकमेकांच्या अंगावर बघा. मोठ्या माणसाला दीड सेंमीहून मोठे असे सहा किंवा जास्त डाग असतील तर शुक्रवारी डॉक्टरांना सांगा. नसतील तरी न्यूरोफायब्रोमॅटोसिस मुलात नव्याने येऊ शकतो, निम्म्या मुलांत तसाच येतो. आमच्या दोघांच्या अंगावर एकही नाही.

पोहेजलेबी

सगळ्यांना काय म्हणू कळत नाहीये. क्षकिरणताई, तुम्ही सांगितलं तसा फोन केला, बुधवारी सकाळी बोलावलं.

तिथल्या डॉक्टरांनी मला स्क्रीन दाखवत एकेक हाड मोठ्याने मोजलं. नवरा बोटांवर मोजत होता, बाराव्याला त्याने माझा हात सोडला आणि कपाळ पुसलं. उजव्या नडगीकडची दोन सोडून बाकी दहा सरळ. पातं, हनुवटी, छाती व्यवस्थित. हाडांची सावली पुरेशी गडद, म्हणजे चुना भरपूर. वाक मागे आणि आत. पाऊल वर, पण बाळ ते हलवत होतं, दोनदा लाथ मारलेली मी स्वतः पाहिली. पाण्याची तपासणी नको म्हणाले, ३२ व्या आठवड्यात परत बघू. डागही पाहिले, देवासवाले दादा. नवऱ्याच्या पाठीवर एकच, आणि तोही लहानपणी फटाक्याने भाजल्याचा निघाला. तुमच्या मुलाला माझ्याकडून शाबासकी.

सासूबाईंना रामबागकरताईंची पोस्ट मोठ्याने वाचून दाखवली. पपईपाशी त्या हसल्या. मग लगेच म्हणाल्या, पण सिझेरियनच करावं लागेल ना, पायाला धक्का नको? तेवढं सांगाल का? आणि बाळ झाल्यावर पहिल्या दिवशी काय करून घ्यायचं, काय नाही?

क्षकिरण

छान बातमी. या वाकासाठी सिझेरियनची गरज नाही. बाकी कारणांनी लागलं तर ते वेगळं. बाळ पायाळू असेल तर ते ३२ आठवड्यांनंतर कळेल, तेव्हा तुमच्या डॉक्टर ठरवतील.

जन्मल्यावर घाई कसलीच नाही. बाळरोगतज्ज्ञांना आधी रिपोर्ट दाखवून ठेवा म्हणजे पाऊल बघून कुणी दचकणार नाही. नडगीचा एक्स-रे समोरून आणि बाजूने, दोन्ही हवेत, एकाच बाजूच्या फोटोत वाकाची दिशा फसवते. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत मुलांच्या हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. खुबेही तपासून घ्या. मांडीत द्यायच्या लसी नेहमीसारख्या द्यायच्या, त्या पायात नको असं कुणी म्हणालं तरी ऐकू नका. दुसऱ्या दिवशी प्लास्टर घेऊन कुणी आलं तर विचारा कशासाठी, आणि उत्तर पटेपर्यंत घालू देऊ नका. तेवढा हक्क आहे तुम्हाला.

रामबागकर

आणि बूट आत्ताच घेऊन ठेवू नका, कुणाला आणूही देऊ नका. आमच्याकडे बारशाला आलेले पाच-सहा जोड कोरेच्या कोरे पडून आहेत. वर दुमडलेलं पाऊल कुठल्यात जाईना, आणि जायला लागलं तेव्हा सगळे लहान झाले. झबली आणायला सांगा. मालगंजची गल्ली बाळ चालायला लागल्यावर मी दाखवेन, रविवारी तो बंद असतो.